क्रीडापट, भावप्रधान

क्रीडापट, भावप्रधान : खेळातील स्पर्धा, स्त्री-पुरुषांतील प्रेम आणि धर्मश्रद्धा यांची एकाच कथानकात गुंफण करून प्रेक्षकांच्या भावनांना आवाहन करणारा चित्रपटप्रकार. हॉलिवुडमध्ये तो १९४० च्या सुमारास स्थिरावला. उपेक्षित वा सामान्य स्थितीतील नायक, त्याला घडविणारा गुरू वा धर्मोपदेशक, पाठीशी उभी राहणारी प्रेयसी किंवा पत्नी आणि नायकाच्या कौशल्याबरोबरच त्याच्या श्रद्धेचीही कसोटी पाहणारा अखेरचा सामना, अशी त्याची स्थूल रचना असते.

पार्श्वभूमी : शरीरसामर्थ्य हे ख्रिस्ती सदाचाराचे अंग होय, असे मानणारी विचारसरणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये पुढे आली. वाय. एम. सी. ए. सारख्या संस्थांमुळे ती अमेरिकेत रुजली. जेम्स नेस्मिथ याने बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये याच संस्थेच्या स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षणशाळेत सुरू केला. मैदान व प्रार्थनामंदिर यांचे नाते अशा रीतीने चित्रपटापूर्वीच जुळले होते. पुढे १९३० मध्ये हॉलिवुडने स्वीकारलेली आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे अंमलात आली. तिच्या मसुद्यात डॅन्येल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचा वाटा होता. धर्म व धर्मोपदेशक यांची टवाळी तीत निषिद्ध होती आणि शृंगारदर्शनावर कठोर बंधने होती. परिणामी पडद्यावरील प्रेम संयत व धर्मगुरू वत्सल झाला; आवेगाच्या चित्रणास खेळ ही एक मोकळी वाट उरली.

प्रमुख चित्रपट : नूट रॉकनी ऑल अमेरिकन (१९४०) हा नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या फुटबॉल-मार्गदर्शकाचा चरित्रपट. त्यातील मृत्युशय्येवरील खेळाडूची भूमिका रॉनल्ड रेगन यांनी केली. द प्राइड ऑफ द यँकीज (१९४२) मध्ये लू गेरिग या बेसबॉलपटूच्या असाध्य व्याधीपेक्षाही त्याच्या दांपत्यप्रेमाला अधिक महत्त्व मिळाले. द बेल्स ऑफ सेंट मेरीज (१९४५) यात इन्ग्रिड बर्गमन यांनी रंगविलेली जोगीण मार खाणाऱ्या विद्यार्थ्याला मुष्टियुद्ध शिकविते. तिन्ही घटकांचा सर्वांत ठळक मेळ एंजल्स इन द आउटफील्ड (१९५१) मध्ये आढळतो. शिवराळ संघव्यवस्थापक, त्याच्या जीवनात येणारी स्त्री-वार्ताहर, देवदूत दिसणारी अनाथ मुलगी आणि हरणाऱ्या संघाला मिळणारे दैवी साहाय्य हे त्याचे कथासूत्र. रॉकी (१९७६) मध्ये श्रद्धा सूचकतेने येते. प्रारंभीच्या दृश्यात मुष्टियुद्धाच्या रिंगणामागील भिंतीवर ख्रिस्ताचे चित्र दिसते; शेवटी निर्णय नायकाविरुद्ध लागतो, परंतु त्याला स्वत्व व प्रेम गवसते.

मूल्यविचार : देव जर विजेत्याच्या बाजूने उभा राहत असेल, तर पराभूताच्या श्रद्धेचे काय आणि खेळाडूच्या परिश्रमांना अर्थ कोणता, हा या प्रकारावरील मुख्य आक्षेप होय. चॅरियट्स ऑफ फायर (१९८१) या ब्रिटिश चित्रपटाने त्यास वेगळे उत्तर दिले. एरिक लिडेल हा धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावण्यास नकार देऊन १०० मी. शर्यत सोडतो. येथे श्रद्धा विजय मिळवून देत नाही, विजयाचा त्याग करावयास लावते. (लिडेलने नंतर ४०० मी. शर्यत जिंकली.)

भारत व महाराष्ट्र : व्यायाम आणि उपासना यांची सांगड महाराष्ट्रात तालमीतील मारुतीच्या रूपाने पूर्वापार चालत आली आहे [→ कुस्ती]. वऱ्हाडात अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या नावातच ती दिसते. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. चित्रपटात मात्र वऱ्हाडचे धार्मिक जीवन क्रीडापटातून नव्हे, तर संतपटातून आले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या जीवनावर राजदत्त यांनी देवकीनंदन गोपाला (१९७७) हा चित्रपट काढला. त्यात श्रीराम लागू यांनी महाराजांची भूमिका केली. नवससायास व पशुबळी यांचा निषेध करून हाती खराटा घेणाऱ्या या संताच्या शिकवणीत देवाकडे यश मागण्याला स्थान नाही. त्या दृष्टीने हॉलिवुडच्या देवदूतपटांशी तिचा विरोध लक्षणीय आहे.

आशुतोष गोवारीकर यांचा लगान (२००१) हा हिंदी चित्रपट या प्रकाराच्या सर्वांत जवळचा. १८९३ मधील गाव, करमाफीसाठी क्रिकेटचा सामना, राधा-कृष्णकथेची छाया असलेले प्रेम आणि अखेरच्या दिवसापूर्वी मंदिरात होणारी सामूहिक प्रार्थना हे सर्व त्यात आहे. तथापि त्याचा नैतिक गाभा प्रार्थनेत नसून कचरा या अस्पृश्य गोलंदाजाला संघात घेण्याच्या प्रसंगात आहे. हे पात्र पळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचे स्मरण करून देते. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर चाकरी करताना गोलंदाजीत तयार झालेल्या बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी मिळविले. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मुंबईतील हे सामने धर्मवार संघांत खेळले जात व १९४६ नंतर ते बंद पडले. धर्म माणसाला मैदानात बळ देतो, तसाच त्याला मैदानाबाहेरही ठेवू शकतो. या वास्तवाची दुसरी बाजू हॉलिवुडच्या भावप्रधान क्रीडापटांनी बव्हंशी टाळली. लगानमध्ये ती कथानकाचाच भाग झाली आहे.