ऑफिसची हवा बिघडते तेव्हा...

‘नोकरी म्हटली की बोलणी खावी लागणारच!’ हे वाक्य आपण नोकरी करणाऱ्या बायकांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की ते खरंच वाटायला लागतं. पण साहेबांचं एखाद्या दिवशी चिडणं वेगळं आणि ऑफिसची हवाच बिघडणं वेगळं. हिशेब खात्यात मी चोवीस वर्षं काढली, तीन ऑफिसं पाहिली. त्यावरून सांगते मैत्रिणींनो, ही लक्षणं आरडाओरड्यात शोधू नका, शांततेत शोधा.

मीटिंगमध्ये ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर सगळे माना खाली घालून वहीत रेघोट्या ओढतात आणि खरी मीटिंग नंतर जिन्यात भरते. मुलाला खरंच ताप असला, तरी रजेचा अर्ज देताना बाईचा चेहरा गुन्हेगारासारखा होतो. सहाला निघालं की ‘काय, हाफ डे का?’ हा टोमणा ठरलेला. एकाच टेबलावरची माणसं वर्षात तीनदा बदलतात आणि कारण मात्र दरवेळी एकच, ‘आजकालच्या मुलांना टिकायलाच नको!’

सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे चुका दिसेनाशा होणं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. आकडे निघाले उलटेच! कारण तिथल्या नर्स चुका न घाबरता सांगत होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या.

आमच्या खात्यात याचीच प्रचिती आली. तेव्हाचे साहेब प्रत्येकाची चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. एका नव्या मुलीच्या लक्षात आलं, की एका पुरवठादाराचं बिल दोनदा दिलं गेलंय. पोरगी दोन महिने गप्प राहिली. ऑडिटमध्ये ते निघालं तेव्हा ‘लपवलंस का?’ म्हणून तिलाच फैलावर घेतलं. तिला लपवावंसं का वाटलं, हे कुणीच विचारलं नाही.

पुढे त्या जागी एक मॅडम आल्या. भाषण नाही, पिकनिक नाही. त्यांनी फक्त तीन गोष्टी केल्या. बोलायचं ते केबिनमध्ये, कौतुक मात्र चारचौघांत. रात्री आठनंतर फोन नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसाचा तेवढा अपवाद. आणि दर सोमवारी पंधरा मिनिटं, ‘या आठवड्यात काय चुकलं’. सुरुवात त्या स्वतःच्या चुकीपासून करायच्या. पहिले तीन सोमवार कुणी तोंड उघडलं नाही. चौथ्या सोमवारी तीच मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माझ्याकडून टीडीएस चुकीचा कापला गेलाय.’ मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘बरं झालं, आज कळलं. करू या दुरुस्त.’ त्या दिवसापासून खातं बोलायला लागलं. तरी घडी नीट बसायला सहा महिने लागले.

हे सगळं नाजूक मनाचे चोचले नव्हेत बरं का! २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या सततच्या ताणाचा परिणाम, असं नोंदवलं. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीत नुकतीच लागलेली तरुण सीए मुलगी चार महिन्यांत गेली. कामाच्या ओझ्यानेच ती गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रातून कळवलं. कंपनीने ते मान्य केलं नाही; पण त्या पत्राने देशभरातल्या आयांची झोप उडवली.

मग आपण काय करायचं? आधी लिहून ठेवायचं. तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं. एकटीने भांडण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून लेखी सांगितलं, तर वजन पडतं. प्रकार लैंगिक छळाचा असेल, तर २०१३ चा कायदा पाठीशी आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ऑफिस त्याहून लहान असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

एवढं करूनही काही हललं नाही, तर नोकरी सोडणं म्हणजे हार नव्हे. फक्त रागाच्या भरात राजीनामा फेकू नका. दुसरी नोकरी हातात घ्या, रिलीव्हिंग लेटर घ्या, पीएफचे कागद नीट करा आणि मग निघा.

आणि तुमच्या हाताखाली एक जरी मुलगी काम करत असेल, तर तिच्यापुरती ऑफिसची हवा तुम्हीच आहात. तिला चूक सांगायला तुमच्याकडे यावंसं वाटतं का, एवढं बघा.