प्रथम अन्न : लघु म्हणजे पातळ नव्हे

अन्नप्राशनाचा काळ सुश्रुतांनी सहावा महिना सांगितला आहे. काश्यपसंहितेत सहाव्यात फलप्राशन व दहाव्यात अन्नप्राशन असा क्रम येतो. नागपुरात फळ म्हटले की संत्र्याचा रस आलाच. परंतु दहाव्या महिन्यापर्यंत बालकास दूध व रसावरच ठेवणे आज समर्थनीय नाही. सहा महिने पूर्ण होताच अन्न सुरू करावे, असेच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

खरी चूक ‘लघु’चा अर्थ ‘पातळ’ असा घेण्यात होते. वरणावरच्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. दोन भाग तांदूळ व एक भाग मूगडाळ भाजून भरडावी, मऊ शिजवावी आणि चमच्यातून ओघळणार नाही इतकी दाट ठेवून वर थोडे साजूक तूप घालावे. स्तन्यपान चालूच असावे.

मधाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे, आपल्यापैकी काहींना ते रुचणार नाही. मधातील जीवाणूबीजांमुळे बॉट्युलिझमचा धोका असल्याने वर्षाच्या आतील बालकास तो चाटवू नये, अनुपान म्हणूनही नाही.

औषधविक्रेत्यांनीही ध्यानात घ्यावे : 1992 च्या कायद्याने व 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांच्या तयार अन्नाची जाहिरात निषिद्ध आहे. दुकानातील फलकही त्यात मोडतो.