खानदेशांतील पाषाणभिंती आणि सायकलची वाट



डोंगरी वाटेनें सायकल हांकण्याचा छंद म्हटला, कीं आपल्या डोळ्यांपुढें परदेशांतील चित्रें उभीं राहतात. ग्रॅनाइटचे गोल, प्रचंड धोंडे, त्यांमधून वळत जाणारी अरुंद पाऊलवाट आणि तीवरून धांवणारे हौशी स्वार! आपल्या देशांत असा मुलूख पाहावयाचा, तर हंपीच्या बाजूस जावें लागतें. खानदेशांत ग्रॅनाइट नाहीं. परंतु ग्रॅनाइटचा एक काळा चुलतभाऊ येथें आहे, आणि तो ज्या रूपानें उभा आहे तें रूप पाहण्यासाठीं दूरदेशींचे भूशास्त्रज्ञ मुद्दाम इकडे आले आहेत. दोंडाईच्याच्या आसपास राहणाऱ्या गृहस्थाला मात्र त्याची फारशी वार्ता नसते. त्या पाषाणाची आणि त्याच्यापर्यंत सायकलनें जाण्याची माहिती आज आपणांस सांगावयाची आहे.

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडींतून शिंदखेडें ते नंदुरबार हा प्रवास करतांना दक्षिणेच्या खिडकींतून पाहावें. सपाट काळ्या रानांत मधूनच एखादी लांबच लांब, निमुळती टेकडी दिसते. तिचा माथा धारेसारखा असतो आणि दोन्ही अंगांना दगडांचा खच पडलेला असतो. कोणी पुरातन राजानें कोट घालावयास घेतला आणि अर्धवट टाकला, असा भास होतो. ही भिंत मनुष्यानें बांधलेली नसून पृथ्वीनें आपल्या पोटांतून वर काढलेली आहे.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त शिलारसाचे लोट बाहेर आले आणि थरावर थर सांचून आपला काळा कातळ तयार झाला. सगळाच रस वर पोंचला नाहीं. कांहीं रस भेगेंतच अडकून सावकाश निवाला. सावकाश निवाल्यामुळें त्याचे स्फटिक जरा मोठे झाले आणि दगड अधिक घट्ट बनला. ह्या दगडास डोलेराइट आणि अशा उभ्या भिंतीस डाइक म्हणतात. ग्रॅनाइटची घडण निराळ्या द्रव्यांची आणि त्याहूनहि खोल, त्याहूनहि संथ निवण्याची आहे. तथापि घासून झिलई दिली असतां डोलेराइट इतका सुरेख दिसतो, कीं दगडाच्या व्यापारांत त्याला खुशाल ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकतात. भोंवतालचा ठिसूळ थर पावसापाण्यानें झिजून गेला आणि हा कणखर गाभा उघडा पडून उभा राहिला.

नंदुरबार व धुळें ह्या भागांतील अशा डाइकांची मोजदाद झालेली आहे. १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रांत एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या २१० भिंती आढळल्या. त्यांची जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आहे, आणि सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची आहे. बहुतेक सर्व भिंती सरळ उभ्या असून पूर्व-पश्चिम धांवतात. ही दिशा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां वाहनाविषयीं. आपली नेहमींची सायकल सडकेसाठीं घडविलेली. डोंगरी सायकलचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत झाला. तेथील कांहीं तरुण जुन्या, जाड धांवांच्या सायकली टमाल्पायस नांवाच्या डोंगरावर नेऊन तेथून खालीं सोडीत. त्या खेळांतूनच भक्कम सांगाडा, रुंद टायर आणि अनेक गिअर असलेलें हें यंत्र तयार झालें, आणि १९९६ साली अटलांटा येथें त्याच्या शर्यतीला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळालें.

ह्यांतील युक्ति साध्या हिशेबानें कळते. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरलें, तर प्रत्येक चाकावर सुमारें ४० किलो भार येतो. टायरमध्यें दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाबाची हवा असेल, तर चाक जमिनीला सुमारें १० चौरस सेंटिमीटर टेकतें. तोच दाब २ किलोवर आणला, कीं २० चौरस सेंटिमीटर टेकतें. म्हणजे पकड दुप्पट जागेवर पडते आणि टायर धोंड्याच्या आकाराप्रमाणें वांकतो. गिअरचेंहि तसेंच. पुढें ४४ व मागें १८ दांते असलेली साधी सायकल पायट्याच्या एका फेऱ्यांत ५ मीटरांहून अधिक पुढें जाते. सपाटीला हें उत्तम, चढाला अशक्य. पुढें २२ व मागें ३४ दांते लावले, कीं एका फेऱ्यांत अवघे सव्वा ते दीड मीटर अंतर कापलें जातें. वेग गेला, पण गुडघ्यांवरील ताण कमी झाला. चढावर हा व्यवहार फायद्याचाच होय.

दोंडाईचा हें ठिकाण अशा भ्रमंतीला सोयीचें आहे. लोहमार्गामुळें सायकल घेऊन येतां येतें, आणि येथून उत्तर व दक्षिण अशा दोन अगदीं भिन्न स्वभावांच्या वाटा निघतात.

उत्तरेची वाट तापीकडे, सारंगखेड्यास जाते. रस्ता सपाट, दोहों बाजूंस कापूस, आणि हंगाम असेल तर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचे गालिचे. नवशिक्यांनीं येथेंच आरंभ करावा. नदीकांठीं तापीच्या गाळांत पावसानें खोल घळी कोरल्या आहेत. त्यांच्या कडेनें चाक नेऊं नये, कारण कांठ आंतून पोकळ असतात. मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजयंतीची यात्रा भरते. दूरदूरचे सौदागर तेथें घोडे आणतात. तो बाजार पाहण्यासारखा असतो. तेथून पश्चिमेस तापीकांठींच प्रकाशें हें क्षेत्र आहे.

दक्षिणेची वाट खऱ्या अर्थानें डोंगरी. अमरावती नदीवरील मालपूरच्या धरणाच्या बाजूस आणि पुढें साक्री तालुक्याकडे निघालें, कीं जमीन उंचावूं लागते, काळी माती संपून तांबूस मुरूम लागतो आणि त्या पाषाणभिंती जवळ येतात. भिंतीच्या पायथ्याशीं मेंढपाळांच्या व गुरांच्या पायांनीं पडलेल्या वाटा असतात. त्याच आपल्या वाटा. माथ्यावर सायकल चढविण्याचा हट्ट धरूं नये; खिंडीशीं ती आडवी ठेवून पायीं चढावें. वर उभें राहिलें, कीं ती भिंत रुळासारखी दोन्ही दिशांस निघून गेलेली दिसते, आणि दूरवर तिला समांतर दुसरी, तिसरी! ह्याच भागांत बळसाणें येथें मध्ययुगीन मंदिरांचा समूह आहे. त्या कोरीव पाषाणांवर हात ठेवला असतां, ज्या कातळावरून आपलें चाक आलें त्यांतून कारागिरानें काय निर्माण केलें, हें समजतें. जैन बांधवांचें तेथें मोठें तीर्थहि आहे.

ज्यांचे पाय तयार झाले असतील त्यांनीं शहाद्यावरून सातपुड्यांतील तोरणमाळ गांठावें. तें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंच आहे. म्हणजे तापीकांठापासून जवळजवळ १००० मीटरांची चढण झाली. वर यशवंत तलावाचें शांत पाणी आणि सीताखाईचा खोल कडा आहे. मात्र जाणें एका दिवशीं व उतरणें दुसऱ्या दिवशीं ठेवावें. उतरतांना घाटांत एकाच ब्रेकवर भरंवसा न ठेवतां दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावे आणि शरीराचा भार मागें ठेवावा.

ह्या प्रांतीं तीन शत्रु आहेत. पहिला सूर्य. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून कार्तिक ते माघ हाच काळ योग्य आणि पहांट हीच निघण्याची वेळ. दुसरा बाभळीचा कांटा. तो जाडसर टायरलाहि मानीत नाहीं. दोन जादा ट्यूबा, पंप व पंक्चरचें सामान ह्यांवांचून गांवाबाहेर पडूं नये. तिसरी पावसाळ्यांतील काळी चिकण माती. ती चाकाला अशी लपेटते, कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाणी माणशीं निदान तीन लिटर बरोबर असावें. वाटेंतील वस्तीवर पाणी मागावयाचें तर आधीं रामराम करून विचारावें. तें पाणी कोणीतरी लांबून डोक्यावर आणलेलें असतें.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर ह्या भिंतींचें खरें मोल सांगतों. शिंदखेडें तालुका अवर्षणाचा. येथील ओढे दक्षिणेच्या उंचवट्यावरून उत्तरेस तापीकडे धांवतात, आणि डाइक पूर्व-पश्चिम आहेत. म्हणजे पाण्याच्या वाटेंत ते आडवे उभे आहेत. डोलेराइट घट्ट असेल तेथें तो जमिनीखालीं बांधाचें काम करतो. वरच्या अंगास पाणी थबकतें आणि तिकडील विहिरी अधिक काळ टिकतात. दगडाला भेगा असतील तेथें त्याच भेगांतून पाणी वाहतें. कोठें विहीर लागेल व कोठें कोरडी जाईल, ह्याचा निर्णय पुष्कळदां ह्या भिंतीच्या अंगीं असतो.

आणि हाच दगड कणखर म्हणून खडीसाठीं उत्तम! सडका हव्यात, घरें हवींत, खडीहि हवी, हें खरें. परंतु कोणत्या भिंतीआड कोणत्या गांवाचें पाणी अडलेलें आहे हें पाहिल्यावांचून सुरुंग लावला, तर सडक होईल आणि विहीर जाईल. फोडलेली भिंत पुन्हा उभी करण्याची विद्या मनुष्यापाशीं नाहीं.

हा प्रश्न कागदावर वाचून मनाला भिडत नाहीं. सायकलवर बसून, घाम गाळून, भिंतीच्या दोन्ही अंगांची हिरवळ व विहिरींतील पाण्याची पातळी आपल्या डोळ्यांनीं पाहणारा विद्यार्थी तो सहज समजेल. म्हणून शिक्षकांना व पालकांना माझी विनंति आहे, कीं येत्या थंडींत मुलांना एकदां तरी ह्या वाटेनें पाठवावें. बरोबर एक वही द्यावी आणि प्रत्येक विहिरीचें पाणी किती हात खोल आहे तें तींत टिपून आणावयास सांगावें. दोनचार वर्षांत तयार होणारी ती वही गांवाला फार उपयोगीं पडेल.