पक्ष आणि नवा मतदार (भाग ६) : सीमेपलीकडचा गुलाबी झेंडा

नव्या मतदाराला पक्ष काय देऊ करतो, याची चर्चा खूप होते. त्याच्याकडे जाताना पक्ष काय मागे टाकतो, हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. आजचा भाग त्याविषयी, आणि त्यासाठी राजुऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. सोयरीक मात्र आजही सीमेच्या दोन्हीकडे आहे. त्यामुळे तिकडच्या, म्हणजे तेलंगणातल्या शेतकऱ्याच्या खात्यात 'रयतू बंधू' या एकरी मदतीच्या योजनेचे किती पैसे पडले, हे इथल्या पारावर लगेच कळायचं.

के. चंद्रशेखर राव यांनी २००१ मध्ये गुलाबी झेंड्याची तेलंगणा राष्ट्र समिती काढली ती एकाच मागणीसाठी : वेगळं राज्य. आमचं पाणी, आमचा निधी, आमच्या नोकऱ्या. २०१४ मध्ये राज्य मिळालं. २०२२ च्या दसऱ्याला पक्षाच्या नावातून 'तेलंगणा' गेलं, 'भारत' आलं. ५ फेब्रुवारी २०२३ ला नांदेडमध्ये सभा झाली आणि 'अबकी बार किसान सरकार' ही घोषणा महाराष्ट्रात दुमदुमली. एकरी वर्षाला १० हजार रुपये, चोवीस तास मोफत वीज. कापसाच्या भावाने पिचलेल्या माणसाला हे खुणावणारच. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पक्षाने वाढावं, नाव बदलावं, यालाही माझी हरकत नाही.

माझी हरकत सिरोंच्यापासून सुरू होते. गडचिरोलीच्या या टोकाला, गोदावरीवर, तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा बांधला. २०१६ मध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला. २१ जून २०१९ च्या उद्घाटनाला आपले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते, तेव्हा जबाबदारी एकट्या रावांची नाही. पण पाणी अडलं तिकडच्या शेतीसाठी आणि त्याचा फुगवटा शिरला सिरोंचा तालुक्यातल्या कापसात, मिरचीत, धानात. ज्यांची शेतं बुडाली ते भूसंपादन आणि मोबदल्यासाठी अर्ज करत राहिले, उपोषणाला बसले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला साद घालणाऱ्या या पक्षाशी ज्याचा सगळ्यात जुना हिशेब बाकी होता, तो हाच शेतकरी. किसान सरकारची पहिली सभा खरं तर सिरोंच्यात व्हायला हवी होती, मोबदल्याची तारीख जाहीर करून. सुरुवात झाली नांदेडपासून, जिथे कोणी तो हिशेब मागणार नव्हतं.

'रयतू बंधू'तही मूळचीच एक खोट होती. पैसा जमिनीच्या मालकाला, तोही एकराच्या हिशेबाने, वर मर्यादा नाही. ज्याची शंभर एकर त्याला जास्त आणि जो दुसऱ्याचं शेत कसतो त्या कौलदाराला शून्य.

जिवतीच्या डोंगरावर याचा अर्थ नीट कळतो. राजुरा मतदारसंघातल्या या तालुक्यातल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगत आली. मुकदमगुडा, परमडोली यांसारख्या गावांत मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन रेशनकार्डं, दोन राज्यांचे सरपंच, दोन्ही मतदार याद्यांत नावं. योजनांची इथे दोन्हीकडून चढाओढ असते. पण यातली बरीच माणसं मराठवाड्यातून येऊन जंगलजमिनीवर वसलेली आहेत. त्यांची मागणी जुनी आहे : जमिनीचा पट्टा. वनहक्क कायद्याने बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. ही अट सुटायची तर कायद्याला हात लावावा लागतो आणि आदिवासींच्या हक्काला धक्का न लावता मार्ग काढावा लागतो. ते काम वर्षानुवर्षांचं आहे. रेशनकार्ड एका शिबिरात देता येतं.

डिसेंबर २०२३ मध्ये भारत राष्ट्र समिती घरच्याच मैदानात हरली, ११९ पैकी ३९ जागांवर आली. महाराष्ट्रातले तिचे बहुतेक शिलेदार पुढच्या विधानसभेपर्यंत दुसरीकडे गेले. त्याआधीच, नांदेडच्या सभेनंतर साधारण महिन्याभराने, महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात 'नमो शेतकरी महासन्मान निधी' जाहीर झाला होता : वर्षाला ६,००० रुपये. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्यालाच. जिवतीतला पट्टा नसलेला शेतकरी याही यादीत बसत नाही.