कमी ‘रनिंग’चा मोह आणि काळ्या ट्रकचे गणित

सप्टेंबर १९९१च्या अंकात ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने एक अजब शर्यत छापली. एका बाजूला इटलीची फेरारी ३४८ टीएस आणि दुसऱ्या बाजूला जीएमसीचा ‘सायक्लोन’ हा छोटेखानी पिकअप ट्रक. पाव मैलाचे अंतर ट्रकने १४.१ सेकंदांत कापले, फेरारीला १४.५ सेकंद लागले. फेरारीची किंमत ट्रकच्या जवळजवळ पाचपट होती. गंमत अशी की, ट्रक म्हणून सायक्लोन तसा बिनकामाचाच. त्याच्या हौद्यात ५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २२७ किलोंपेक्षा अधिक भार घालू नये, असे कंपनीनेच बजावले होते.

टर्बो बसवलेले ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन, २८० अश्वशक्ती आणि चारही चाकांना मिळणारी ताकद असा हा ऐवज. १९९१ सालच्या मॉडेलच्या २,९९५ गाड्याच तयार झाल्या आणि त्यांचा रंग एकच, काळा. साहजिकच आज अमेरिकेतील संग्राहक या ट्रकच्या मागे असतात. फोर्डच्या ‘एसव्हीटी लाइटनिंग’चीही कथा अशीच. १९९९ ते २००४ या काळात या ट्रकची दुसरी पिढी बाजारात होती. सुपरचार्जर लावलेल्या ५.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनातून आरंभी ३६० आणि २००१पासून ३८० अश्वशक्ती मिळे. असा ट्रक घेऊ पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो आकड्याचा. फार थोडी चाललेली गाडी भरमसाट पैसे मोजून घ्यावी, की भरपूर चाललेली स्वस्तात पदरात पाडून घ्यावी? दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी किमतीत दुपटी-तिपटीचे अंतर पडू शकते.

येथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हा हिशेब. अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र गाडी आजवर एकूण किती मैल धावली, यालाच ‘मायलेज’ म्हणतात. आपले सेकंड हँड गाड्यांचे दलाल ज्याला ‘रनिंग’ म्हणतात, तेच हे.

आकडा काय सांगतो?

समजा, १९९१चा एक सायक्लोन १ लाख ५ हजार मैल चाललेला आहे. ऐकणाऱ्याला हा आकडा धडकी भरवतो. पण ३५ वर्षांनी भागल्यास वर्षाला ३ हजार मैल पडतात. अमेरिकेतील वाहनचालक वर्षाकाठी सरासरी साडेतेरा हजार मैल गाडी चालवतो, असे तेथील महामार्ग प्रशासनाची आकडेवारी सांगते. म्हणजे ज्याला बाजार ‘फार चाललेला’ म्हणतो, तो ट्रक प्रत्यक्षात जपूनच वापरलेला असू शकतो. याउलट ९ हजार मैलांचा सायक्लोन वर्षाला जेमतेम अडीचशे मैल फिरला आहे. उरलेले दिवस तो उभा होता. आणि कोठे, कसा उभा होता, हे मीटर सांगत नाही.

मीटरवर विश्वास ठेवावा की नाही, हा आणखी वेगळा प्रश्न. काटा मागे फिरवणे ही काही आपल्याकडचीच कला नव्हे. अमेरिकेत दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोटा आकडा दाखवून विकल्या जातात, असा तेथील महामार्ग सुरक्षा विभागाचा अंदाज आहे. गाडी विकताना मीटरचा आकडा लेखी जाहीर करण्याचे केंद्रीय बंधन तेथे आहे. परंतु २०१० सालापर्यंतच्या मॉडेलना त्यातून सूट आहे. म्हणजे सायक्लोन आणि हा लाइटनिंग दोन्ही सुटले. मीटरमध्ये फेरफार करणे आजही गुन्हाच आहे, पण सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर पडतो. म्हणून नऊ हजार मैलांचा दावा करणाऱ्याकडे जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, वार्षिक तपासणीचे दाखले, मूळ विक्रीचे कागद मागावेत. प्रत्येक कागदावर तारीख आणि मैल असतात. ते ओळीने लावले की आकडा चढत गेला की मध्येच घसरला, हे कोणालाही दिसते. कागद नसतील, तर कमी मैलांसाठी जादा पैसे का द्यावेत, याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे.

उभी गाडीही झिजते

यंत्र वापरले नाही तर ते नवे राहते, हा समज फार चिवट आहे. गाडीच्या बाबतीत तो खोटा ठरतो. अमेरिकेतील पेट्रोलमध्ये सर्रास १० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. टाकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले असे पेट्रोल चिकट होते, इंजेक्टर तुंबवते, लोखंडी टाकी आतून गंजवते. ब्रेक ऑइलही पाणी शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि नळ्या व सिलिंडर आतून खराब होतात. ऑइलचा स्पर्श सुटलेले रबरी सील आखडतात. मग पहिल्या शंभर-दोनशे मैलांतच इंजिन, गिअरबॉक्स आणि एसीचा कॉम्प्रेसर गळू लागतात. उंदरांनी वायरिंग कुरतडले असेल तर ते शोधण्यात मेकॅनिकचे दिवसच्या दिवस जातात. आणि टायर! त्यावरील नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; ‘२३०३’ म्हणजे २००३ सालचा २३वा आठवडा. तीनशेहून अधिक अश्वशक्तीचा ट्रक अशा टायरवर वेगाने हाकणे हा जिवाशी खेळ आहे.

शिवाय मैल कमी म्हणजे त्रास कमी, असेही नाही. हे ट्रक घेणाऱ्यांना वेगाचा शौक होता. टर्बोचा दाब वाढवणे, लाइटनिंगच्या सुपरचार्जरला लहान पुली बसवणे हे उद्योग अनेकांनी केले. पंधरा हजार मैलांपैकी किती मैल पाव-पाव मैलाच्या शर्यतींत गेले, हे कोण सांगणार? त्यापेक्षा महामार्गावर सरळ ८० हजार मैल चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी अधिक निरोगी असते.

अर्थात, जास्त चाललेल्या गाडीची दुखणी खरी आहेत. टर्बोचे बेअरिंग, गिअरबॉक्समधील क्लच, सस्पेन्शनचे बुश झिजतात. फोर्डच्या त्या काळातील ५.४ लिटर इंजिनात स्पार्क प्लगला धरून ठेवणारे आटे कमी असल्याने प्लग उडून येण्याची तक्रार प्रसिद्धच आहे. ती दुरुस्ती आधीच झाली असेल, तर ते गाडीचे पुण्यच समजावे. यंत्राची ही दुखणी मात्र पैसे टाकून बरी होतात. गंज आणि हरवलेले भाग यांचे तसे नाही. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चासी पोखरते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतील लाखभर मैलांचा ट्रक खालून स्वच्छ निघू शकतो. उत्तरेतील वीस हजार मैलांचा नाही. सायक्लोनच्या बाजूंवरचे प्लॅस्टिकचे खास पत्रे फुटले, तर त्या जोडीचे मूळ पत्रे मिळणे दुरापास्त आहे. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय, सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय आणि रंगाची जाडी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या ‘हॅगर्टी’च्या किंमत-कोष्टकातही गाड्यांच्या श्रेणी स्थितीनुसार पाडल्या जातात, त्या याच कारणाने.

मग अत्यल्प मैलांचा ट्रक घ्यावा कोणी? ज्याला तो चालवायचा नाही, त्याने. प्रत्येक मैलागणिक जिची किंमत उतरते, अशा गाडीचा मालक हळूहळू तिचा पहारेकरी होतो. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर टर्बोची शीळ ऐकायची हौस असेल, तर ५० ते ९० हजार मैलांचा, मूळ भाग शाबूत असलेला आणि पावत्यांची जाड फाइल सोबत आणणारा ट्रक बरा. वाचलेल्या पैशांतून सील, होज, बेल्ट आणि टायर एकदाच बदलून घेता येतात. जाणकार मालक मात्र मूळ टायर फेकून देत नाहीत. ते गॅरेजच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवतात. पुढच्या ग्राहकाला दाखवण्यासाठी.