पाण्यावरून मायलिनचे मोजमाप

मेंदूतील एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात, आणि अशा असंख्य अक्षतंतूंभोवती स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे जे पातळ, अनेकपदरी वेष्टन गुंडाळलेले असते, त्याला मायलिन ही संज्ञा आहे. मेंदूत हे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या सहायक पेशी तयार करतात. अशी एकच पेशी आपले फाटे पसरवून कित्येक तंतूंच्या तुकड्यांभोवती पदर गुंडाळू शकते. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून संदेश सेकंदाला साधारण ०.५ ते २ मीटर इतक्या संथ गतीने सरकतो, तर जाड वेष्टित तंतूंत तो वेष्टनाच्या तुकड्यांमधील उघड्या जागांवरून पुढे झेपावत असल्याने त्याची गती सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचू शकते.

हे वेष्टन जन्मतः पूर्ण झालेले नसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लाइपझिग येथील पॉल फ्लेक्सिग यांनी अर्भकांच्या मेंदूंचे काप तपासून असे दाखवले की, मेंदूच्या निरनिराळ्या भागांत मायलिन एका ठरावीक क्रमाने चढत जाते. दुसरीकडे, ज्याँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये ज्या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा याच वेष्टनावर हल्ला करते. मात्र या दोन्ही गोष्टींचा अभ्यास दीर्घकाळ मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूच्या कापांवरच होत असे. जिवंत व्यक्तीच्या मेंदूत मायलिन किती आहे आणि ते वाढते की घटते, हे जाणण्याचे साधन वैद्यकाकडे नव्हते.

ही उणीव एमआरआयने भरून काढली, परंतु सरळ मार्गाने नव्हे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी उद्दीपित करून त्यांच्याकडून परत येणारा संकेत टिपणे, हे या तंत्राचे मूळ सूत्र होय. मायलिनमधील स्निग्ध पदार्थांत हायड्रोजन विपुल असला, तरी त्याचा संकेत एका मिलिसेकंदाच्याही आत विरून जातो, त्यामुळे रुग्णालयातील नेहमीच्या तपासणीत तो हाती लागत नाही. प्रतिमेत जे उमटते ते मुख्यत्वे पाणी असते, आणि म्हणून मायलिनचे मोजमाप करू पाहणाऱ्यांना पाण्याकडूनच साक्ष काढावी लागते.

अशी साक्ष देणारे पाणी मायलिनच्या पदरांमध्येच अडकलेले असते. उद्दीपनानंतर संकेत विरण्याच्या एका प्रकारच्या कालावधीला टी-२ म्हणतात. पदरांत कोंडलेल्या पाण्यासाठी तो साधारण २० मिलिसेकंद भरतो, तर पेशींच्या आतील व त्यांच्यामधील मोकळ्या पाण्यासाठी सुमारे ८० मिलिसेकंद. देवळातील लहानमोठ्या घंटा एकदमच वाजवल्या, तर विरत जाणारा नाद लक्षपूर्वक ऐकून कोणती घंटा आधी शांत झाली हे जसे ओळखता येते, तसेच संकेताच्या घसरणीवरून दोन्ही पाण्यांचे वाटे निराळे काढता येतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅलेक्स मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हेच जिवंत मेंदूत करून दाखवले. त्यांच्या पद्धतीत १० मिलिसेकंदांच्या अंतराने ३२ वेळा संकेत नोंदवला जातो. उद्दीपनानंतर ४० मिलिसेकंदांनी मायलिनमधील पाण्याचा संकेत मुळाच्या सातव्या हिश्श्याइतका उरतो, तर मोकळ्या पाण्याचा साठ टक्के शिल्लक असतो. ९० मिलिसेकंदांपर्यंत पहिला जवळजवळ नाहीसाच होतो. नेहमीची टी-२ प्रतिमा साधारण याच सुमारास टिपली जात असल्यामुळे तिच्यावरून मायलिनचे प्रमाण ठरवता येत नाही.

एकूण पाण्यापैकी मायलिनमधील पाण्याचा जो वाटा निघतो, तो श्वेतद्रव्यात, म्हणजे वेष्टित तंतूंच्या जुडग्यांनी बनलेल्या भागात, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पेशींच्या करड्या द्रव्यात त्याहून पुष्कळच कमी. हा आकडा खरोखर मायलिनचाच आहे का, हे पडताळण्यासाठी मृत रुग्णांच्या मेंदूंचे आधी एमआरआय काढून नंतर त्याच भागांचे काप लक्सॉल फास्ट ब्लू या मायलिनला निळा रंग देणाऱ्या रंजकाने तपासले गेले, आणि दोहोंत चांगला मेळ आढळला.

मापनाचे इतर मार्गही आहेत. १९८९ मध्ये वुल्फ व बॅलबन यांनी मांडलेल्या चुंबकन-स्थानांतर पद्धतीत स्निग्ध पदार्थांच्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी छेडून त्याचा पाण्याच्या संकेतावर होणारा परिणाम मोजतात, तर ग्लासर व व्हॅन एसेन यांनी २०११ मध्ये टी-१ या दुसऱ्या एका कालावधीवर आधारित प्रतिमा आणि टी-२ प्रतिमा यांच्या गुणोत्तरावरून मेंदूच्या बाह्यस्तराचे नकाशे तयार केले. यांपैकी प्रत्येक मार्ग मायलिनचा अप्रत्यक्ष अंदाजच देतो, आणि प्रत्येकाला आपापला दोष चिकटलेला असतो.

पाण्याच्या वाट्याचा दोष तर साध्या हिशेबानेही स्पष्ट होतो. शंभर भाग पाण्यापैकी बारा भाग मायलिनमधले असताना त्या जागी सूज येऊन वीस भाग पाणी वाढले, तर मायलिन तसूभरही न घटता त्याचा वाटा बारा टक्क्यांवरून दहावर येतो. उलटपक्षी, तुटलेल्या मायलिनचे अवशेष साफ होईपर्यंत त्यांच्या पदरांतील पाणीही मोजणीत धरले जाते, आणि वेष्टन निकामी झालेले असूनही आकडा समाधानकारक दिसू शकतो.

म्हणूनच या मोजमापाचे खरे मोल एकट्या आकड्यापेक्षा तुलनेत आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ५० रुग्णांवर क्लेमास्टिन या अ‍ॅलर्जीवरील जुन्या औषधाची चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा वेग काहीसा सुधारल्याचे दिसले, तर २०२३ मध्ये त्याच रुग्णांच्या दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातील मायलिनच्या पाण्याचा वाटा वाढल्याचे संशोधकांनी दाखवले. एवढ्यावरून ते औषध उपचार म्हणून सिद्ध होत नाही. मात्र गेलेले वेष्टन पुन्हा चढवू पाहणाऱ्या औषधांची पारख करायची, तर त्याच व्यक्तीची त्याच पद्धतीने काही महिन्यांनी पुन्हा मोजणी करता आली पाहिजे, आणि मेंदूचा काप न घेता ती सोय आज या तंत्रामुळे उपलब्ध झाली आहे.