४१ अंशांची कोंबडी

लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात पौषातली रात्र कधी कधी १० अंशांच्या आसपास उतरते. त्याच रात्री खुराड्यातल्या गावरान कोंबडीच्या अंगात ४१ अंश असतात! माणसाला एवढा ताप चढला तर घर हादरतं. तिचं मात्र ते रोजचं, निरोगी तापमान. आत-बाहेर तीस अंशांचा फरक, आणि मध्ये काय, तर पिसं.

पिसं स्वतः ऊब तयार करत नाहीत. वरच्या पिसांखालच्या मऊ लवेत हवा अडकते आणि ती हवा उष्णतेला बाहेर पडू देत नाही. पिसांच्या मुळाशी इवले स्नायू असतात. गारठा वाढला की ते पिसं उभी करतात, हवेचा थर जाड होतो. पहाटे कोंबडी फुगलेली दिसते ती म्हणूनच. गरजेप्रमाणे जाड-पातळ होणारी ही गोधडी तिच्या अंगातच उगवते.

पण उघड्या पायांचं काय? पक्ष्यांच्या पायांत खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या आणि वर परतणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या अगदी लगटून असतात. खाली जाता जाता रक्त आपली ऊब परतीच्या रक्ताला देऊन टाकतं. पंजा गार, काळीज गरम! बसायला रुंद, चपटी फळी दिली तर पोटाची पिसं बोटांवरही पसरतात.

कोरडी थंडी ती अशी निभावून नेते. तिचा खरा वैरी ओल. मायेपोटी आपण खुराडं गच्च बंद करतो आणि तिथेच घात होतो. श्वासाची, विष्ठेची वाफ आत कोंडते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, भिजलेल्या पिसांत हवा टिकत नाही. म्हणून गोणपाट बांधायचं ते खाली, वाऱ्याच्या बाजूला. छपरालगतचा झरोका रात्रभर उघडा हवा. खाली कोरड्या भुशाचा जाड थर. सकाळी तिच्या उंचीला वाकून वास घ्यावा. नाकाला झोंबलं तर भुसा बदलायची वेळ झाली. संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका टाकावा, कारण दाणे पचतानाही अंगात उष्णता निर्माण होते.

पिल्लांना मात्र यातलं काही साधत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. तापमापक नसला तरी चालतं. पिल्लं उबेसाठी टांगलेल्या बल्बखाली एकमेकांवर चढली तर बल्ब खाली घ्यावा, चोची उघडून कडेला पळाली तर वर.